लाइनीवरून ओरडेल तो गोलात

फुटबॉलचा कोच होण्यासाठी लोक म्हणे परीक्षा देतात, शिबिरं करतात. मी फक्त एक वाक्य ओरडलो होतो. "पास दे ना वं, बैताड!" तेही माझ्याच मुलीला, मैदानाच्या बाहेर उभं राहून, हातात शेंगदाण्याचा पुडा धरून. तेवढ्यावर माझी निवड झाली.

नागपुरात हुडकेश्वरकडं आमचं लेआउट आहे, म्हणजे प्लॉट पाडलेली वसाहत. नवीन म्हणावं तर रस्त्यांना खड्डे पडलेत, जुनं म्हणावं तर अर्धे प्लॉट अजून रिकामे आहेत. मधोमध एक मैदान आहे. नकाशात त्याला 'खुली जागा' म्हटलंय, म्हणजे ते कोणाचंच नाही आणि म्हणून प्रत्येकाला आपलं वाटतं. दिवसा तिथं गाई बसतात. संध्याकाळी एक बाई पोट्ट्यांना आणि पोट्टींना फुटबॉल शिकवते. अर्धी मुलं आमच्या लेआउटची, अर्धी नाल्यापलीकडच्या वस्तीतली. त्या बाईला सगळे ताई म्हणतात. मीही म्हणतो, जरी मी तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा असलो तरी.

ताई सकाळी सदरमधल्या एका लॅबसाठी घरोघरी जाऊन लोकांचं रक्त काढते आणि संध्याकाळी आमचं. तिचा आवाज फार हळू. ऐकायचं असेल तर आधी गप्प बसावं लागतं, आणि मला वाटतं हाच तिचा अर्धा कोचिंग क्लास आहे. त्या दिवशी माझं ओरडणं ऐकून तिनं खेळ थांबवला आणि चालत माझ्यापर्यंत आली.

"काका, चप्पल काढा."

"काहून?"

"गोलात उभं राहाचं आहे. इथला नियम आहे. लाइनीवरून जो ओरडते, तो गोलात."

मला वाटलं गंमत आहे. हसत हसत गेलो. शेंगदाण्याचा पुडा खांबाजवळ ठेवला. मग एकेक पोरगं बॉल घेऊन समोरून पळत येऊ लागलं, आणि मला कळलं की टीव्हीवर जो बॉल फुग्यासारखा तरंगत येतो, तो प्रत्यक्षात दगडासारखा येतो. पहिला पायांतून गेला. दुसरा मी अडवला, पण पोटानं, आणि माझ्या मनाविरुद्ध. तिसऱ्याच्या वेळी मी उजवीकडं झेप घेतली. बॉल डावीकडून गेला आणि मी शेंगदाण्यांवर पडलो. सगळ्यात जोरात मारला तो माझ्या मुलीनं. तिनं मला पास दिला नाही हे खरं, पण निशाणा तिचा वाईट नाही, हे त्या दिवशी माझ्या बरगडीला समजलं.

नंतर ताई जवळ येऊन म्हणाली, "बॉल आला का तुम्ही डोळे मिटता, काका."

"हो, मिटतो खरा."

"मंग पोरीले काय सांगून राहिले होते?"

मी शर्टावरचे शेंगदाणे झटकू लागलो. एरवी बोलण्यात मी कधी कमी पडत नाही.

"उद्यापासून या," ती म्हणाली. "आपल्याले काही येत नाही हे ज्याले समजलं, तोच माणूस माह्या कामाचा."

आमच्याकडं मार्गदर्शक नेमत नाहीत, पकडतात, हे मला पुढं कळलं. एक दाताचे डॉक्टर होते. ते मुलाला लाइनीवरून इंग्रजीत सूचना द्यायचे. गोलात उभं केल्यावर पहिल्याच बॉलला त्यांच्या तोंडून जे निघालं, ते शुद्ध नागपुरी होतं. दुसरी, पिठाच्या गिरणीवाली काकू. ती स्वतःच्या नातवावर ओरडली नव्हती, एका पोरीला ढकलणाऱ्या दांडगटावर ओरडली होती. पण नियम तो नियम. काकूनं लुगड्याचा ओचा खोचला, गोलात उभी राहिली आणि बहुतेक बॉल अडवले. पोट्टे अजून तिच्यासमोर बॉल न्यायला घाबरतात. आणि तिसरा मी, पंप आणि कूलरचं दुकान चालवणारा. मुलांनी माझं नाव 'कूलर सर' ठेवलं. मी विचारलं, थंड डोक्याचा म्हणून का? तर म्हणे, नाही सर, आवाज लय करता अन् हवा लागत नाही.

फुटबॉल शिकवणं हे ताईचं काम. आमची कामं वेगळी. ज्याचे बूट फाटले त्याला मोचीकडं नेणं, रुसून भिंतीला टेकलेल्या पोराशेजारी काही न बोलता बसणं, अंधार पडल्यावर वस्तीतल्या पोरींसोबत नाल्यापर्यंत चालत जाणं. काही न बोलता बसणं मला जमेना, म्हणून ताईनं माझ्याकडं फक्की मारायचं काम दिलं. पांढऱ्या पावडरनं मैदानाच्या रेषा आखायच्या, बस. मी मधलं वर्तुळ आखलं. मुलं भोवती उभी राहून बघत बसली. शेवटी एक पोट्टा म्हणाला, "सर, हे काय, पपई आहे का?"

एकदा जरीपटक्यात पोरींचा सामना होता. हाफटाइमला संत्र्याच्या फोडी वाटण्यात मी इतका गुंतलो, की बाजू बदलल्या हे माझ्या लक्षातच आलं नाही. थोड्या वेळानं बॉल जाळीत गेला, तसा मी उडी मारली, "गोऽऽल!" म्हणून बोंब ठोकली आणि बाजूच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. त्यानंही मला मिठी मारली. तो समोरच्या टीमचा होता. आमच्या पोरी मैदानातून कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होत्या. त्या माणसानं मला समोसा खाऊ घातला आणि मी तो खाल्ला. परत येताना व्हॅनमध्ये पोरींनी मला मागच्या सीटवर, बॉलच्या पिशवीशेजारी बसवलं.

हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी की, पुढं जे केलं ते कोणा शहाण्या माणसानं केलं असा कोणाचा गैरसमज होऊ नये.

आमच्या लेआउटची एक विकास समिती आहे. मी तिचा सभासद आहे, म्हणजे होतो. रविवारी सकाळी अध्यक्षांच्या हॉलमध्ये तर्री-पोह्यांवर बैठक भरायची. तर्री अशी जहाल की सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, त्यामुळे प्रत्येक ठराव गहिवरून मंजूर झाल्यासारखा दिसायचा. अध्यक्ष निवृत्त साहेब. बोलणं गोड, कपडे कडक इस्त्रीचे, घर मैदानाच्या समोर. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" बोअरवेल असो, गणपती असो, कुत्रं असो, हे वाक्य सगळीकडं बसायचं.

त्या रविवारी ते मैदानाला बसलं. मैदानाभोवती कमरेएवढी भिंत आणि तिच्यावर काटेरी तार, मधे तेवढी जायची वाट, असं आधीच झालं होतं, फिरायला येणाऱ्यांच्या सोयीसाठी म्हणून. आता अध्यक्ष म्हणाले, गेट लावू आणि कुलूप घालू.

"बाहेरची पोट्टी येतात. आपली लेकरं तिथं खेळतात. उद्या काही झालं तर?"

"आजपर्यंत काय झालं, साहेब?" मी विचारलं.

"तेच तर म्हणतो. झालं नाही तोवरच बंदोबस्त केला पाहिजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आता खरं म्हणजे मी उभं राहून सांगायला पाहिजे होतं की, मैदान आपलं नाही, पोरं सगळी आपली आहेत आणि हे मला मान्य नाही. पण मला डाव सुचला. डाव सुचला की माझं वाटोळं होतं, हा माझ्या घरच्यांचा अनुभव आहे.

"ठीक आहे," मी म्हणालो. "कुलूप लावा. पण किल्ली माझ्याकडं राहील. संध्याकाळी मी उघडीन, मी बंद करीन. जबाबदार मी."

अध्यक्ष इतके खूश झाले, की त्यांनी स्वतःच्या हातानं मला आणखी तर्री वाढली. तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. पण मी मनात हसत होतो. किल्ली माझ्या खिशात म्हणजे गेट माझ्या बापाचं! वस्तीतल्या पोरांना मीच आत घेणार, कोण काय करतो बघू.

आठवड्याभरात गेट लागलं. लोखंडी, हिरवं, दोन माणसांनाही न पेलणारं. मी किल्ली घेऊन ताईकडं गेलो आणि पाठीवर थाप पडेल म्हणून जरा वाकूनच उभा राहिलो. ती एका पोराच्या बुटाची नाडी बांधत होती.

"काका, गेल्या महिन्यात इथं गेट होतं?"

"नव्हतं."

"मंग हे पोट्टे आत कसे येत होते?"

"चालत."

"अन् आता?"

"मी उघडून देईन ना! त्यासाठीच तर किल्ली घेतली."

"म्हणजे तुम्ही आले तं थे येतील. तुमच्या दुकानात गिऱ्हाईक असन तं नाही येणार. तुमाले ताप आला तं नाही येणार. तुमाले त्यांचा राग आला तं नाही येणार."

"मला कशाला राग येईल?"

"नाही येणार. तुम्ही चांगले आहे." तिनं नाडीची गाठ आवळली. "पण गेल्या महिन्यात त्यांले तुमच्या चांगुलपणाची गरजच नव्हती."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी किल्ली हातात घेऊन उभा राहिलो. मघाशी ती बहादुरीची खूण वाटत होती, आता चौकीदाराची वाटू लागली.

ताईनं शिट्टी वाजवली, सगळ्यांना गोळा केलं आणि नेहमीच्या हळू आवाजात सांगितलं, "कुलूप निघेपर्यंत आपण आत जाणार नाही. कोणीच नाही. लेआउटवाल्यांले वाटत असन तं त्यांनी आत खेळावं, राग नाही माहा. मी बाहेर आहे."

आणि ती गेटसमोरच्या सिमेंट रस्त्यावर बॉल ठेवून उभी राहिली. लेआउटचे दोन भाऊ तेवढे आत गेले. थोड्या वेळानं तेही बाहेर आले. मोठा म्हणाला, "आत मजाच नाही ताई. हा बॉल परतच देत नाही."

अशा रीतीनं आमचं फुटबॉल रस्त्यावर आलं, तेही बरोबर अध्यक्षांच्या घरासमोर. हे ताईनं मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. मैदानाचं तोंड तिकडंच होतं. स्कूटर आली की खेळ थांबायचा, गेली की सुरू. गुडघे सोलवटले, दोन बॉल फुटले, एक अध्यक्षांच्या जास्वंदीत गेला. अध्यक्ष गॅलरीत यायचे आणि ओरडायचे, "हा काय तमाशा चालवलाय?"

मुलांमध्ये लगेच वाद सुरू झाला.

"साहेब ओरडले! गोलात!"

"अबे, ते गॅलरीत आहेत. गॅलरी म्हणजे लाइन नाही."

"मंग लाइन कुठवर असते?"

निकाल गिरणीवाल्या काकूनं दिला. "जिथवर आवाज येते, तिथवर लाइन. या साहेब, खाली या! पोट्टे वाट पाहून राहिले!"

अध्यक्षांनी खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

या वेळी पोहे नव्हते, चहा होता, आणि अध्यक्षांचा आवाज पुरणपोळीसारखा मऊ होता. "तुमचं म्हणणं मी विचारात घेतलं. ती एक डावखुरी पोरगी आहे ना वस्तीतली? काय खेळते हो! माझं मन एवढं कोतं नाही. ती आणि तिच्यासारख्या आणखी चार-पाच चांगल्या पोरी निवडा. त्यांना आपण लेआउटच्या टीममध्ये घेऊ. आपल्या लेआउटचंच नाव होईल. बाकीच्यांना कशाला ओढायचं? ज्यांना खेळताच येत नाही त्यांनी येऊन करायचं काय?"

मला पुन्हा वाटलं, जिंकलो. माझ्यासारखा माणूस दोनदा जिंकतो म्हणजे दोनदा फसतो, पण हे मला नेहमी तिसऱ्या वेळी आठवतं. मी तडक रस्त्यावर गेलो आणि त्या डावखुऱ्या पोरीला बाजूला घेतलं. तेरा वर्षांची, काटकुळी. डाव्या पायानं बॉल असा वळवते की समोरचा गोलकीपर आपल्याच खांबाला जाऊन धडकतो.

"तुझं काम झालं बेटा. उद्यापासून तू आत खेळायचं. साहेबांनी स्वतः तुझं नाव घेतलं."

"अन् माही बहीण?"

तिची बहीण नऊ वर्षांची. रोज येते. बॉल जवळ आला की दोन्ही हात कानांवर ठेवून पळते. तिनं आजवर बॉलला पाय लावलेला मी तरी पाहिला नाही.

"ती... तिला कसं घेणार? ती तर बॉललेच भेते." मीही नकळत तिच्या बोलीत गेलो.

"म्हणून तं येते ना थे इथं," पोरगी म्हणाली. मोठी माणसं मुलांना समजावतात त्या सुरात. "भेत नसती तं कायले आली असती?"

आणि ती निघून गेली. तिचं मन मोडलं, डोळे भरून आले, असं काही झालं नाही. पुढच्या मिनिटाला तिनं डॉक्टरांच्या पायांतून बॉल काढला.

रात्री जेवताना मी घरी सांगितलं, साहेब काय म्हणाले ते. माझी मुलगी वरण-भात कालवत होती.

"चांगल्या पोरींमध्ये माझं नाव आहे, बाबा?"

"तुझा प्रश्नच नाही. तू लेआउटची आहेस."

"म्हणजे मला नाही खेळता आलं तरी चालतं?"

बायको माझ्याकडं बघून म्हणाली, "बोला आता. लाइनीवर तं लय बोलता."

मी वरण मागितलं.

पण दुसऱ्या दिवशी दुकानात बसून एका जुन्या पंपाचा नट काढता काढता माझ्या डोक्यात एक गोष्ट आली, आणि या वेळी तो डाव नव्हता. कुलूप उघडायचं की नाही, कोणासाठी उघडायचं, किती जणांसाठी उघडायचं, हा सगळा हिशेब मी कुलपाचा करत होतो. भानगड कुलपाची नव्हतीच. भानगड गेटची होती.

आता गेटचं असं आहे, की नागपुरात वाढलेल्या पोराला ते उघडण्याआधी चोरता येतं. होळीच्या आधी आम्ही लाकडं चोरायचो, खाटा-बाजा चोरायचो, कोणाशी वैर असेल तर त्याचं फाटक चोरायचो. सकाळी तो माणूस दात घासत बाहेर आला की, दोन खांब आणि मधे आभाळ. बिजागरीच्या खुंटीवर फाटक नुसतं बसवलेलं असतं. खालून खांदा दिला, वर उचललं की निघालं. कुलूप तिथंच, कडी तिथंच. म्हणून तर आमच्याकडचा जुना माणूस नवीन गेट लावलं की वेल्डिंगवाल्याला सांगतो, खुंटीच्या डोक्यावर एक टिपका मार बाबा. एकदा टिपका मारला की गेट वर उचलतच नाही.

संध्याकाळी मी मैदानाच्या गेटची बिजागरी बघितली. टिपका नव्हता. आख्खी समिती, सगळे साठीचे, सगळ्यांनी आपापल्या काळात फाटकं पळवलेली, आणि एकाला आठवलं नाही! माणूस एकदा अध्यक्ष झाला की आपण पोट्टा होतो हे विसरतो.

मी डॉक्टरांना आणि गिरणीवाल्या काकूला बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "हे कायदेशीर आहे का?"

काकू म्हणाली, "या जागेले गेट लावणं कायदेशीर होतं का? तुम्ही धरा तिकून."

लपूनछपून नाही. चांगले पाच वाजत आले होते, ऊन होतं, फिरायला आलेले लोक होते, गॅलरी होती. आम्ही तिघांनी खाली खांदा दिला. मी म्हणालो, "तीन म्हटलं की उचला." आणि दोनलाच उचललं. काकूनं सांभाळलं, डॉक्टरांनी सांभाळलं, माझा अंगठा गेटाखाली आला. मी जे ओरडलो ते ऐकून पोट्टे आनंदानं एकमेकांकडं बघू लागले. पण गेट निघालं. दोन्ही पल्ले, मधे कडी, कडीला कुलूप, सगळं एका तुकड्यात, जसंच्या तसं.

ताई तोपर्यंत स्कूटीवरून उतरली होती. तिनं गेट बघितलं, माझा अंगठा बघितला, मग वाकून बिजागरी बघितली.

"मोडलं नाही ना काही?"

"काहीच नाही."

"मंग परत करून या. आपल्याले कोणाची वस्तू नको."

ते गेट आम्ही उचलून समोर नेलं, पोट्टेही हात लावायला आले, आणि अध्यक्षांच्या कंपाउंडला सन्मानानं टेकवून ठेवलं. सन्मानाच्या भरात माझ्या हे लक्षात आलं नाही, की आपण ते बरोबर त्यांच्या फाटकासमोर टेकवलंय. अध्यक्ष तरातरा खाली आले, त्यांनी आपलं फाटक ओढलं, उघडलं आणि समोर दुसरं गेट. बाहेर येता येईना. मी पलीकडून किल्ली पुढं केली.

"साहेब, हे तुमचं गेट, हे तुमचं कुलूप अन् ही किल्ली. मी जबाबदारी सोडली."

"मी पोलिसात जाईन!"

"जा ना," काकू म्हणाली. "थे पयले इचारतीन, सरकारी जागेवर कुलूप कोणी लावलं. चला, मी येतो संगं."

"आधी हे बाजूला करा! मला बाहेर येऊ द्या!"

ताई पुढं आली. तिनं पोरांना हाक मारली. "साहेबाले बाहेर येऊ द्या. कोणालेच आत-बाहेर अडवाचं नाही." वस्तीतली आणि लेआउटची मिळून दहाबारा पोरं गेटला भिडली, त्यात ती डावखुरी होती, माझी मुलगी होती, आणि मधे ती छोटी, जिचा हात गेटापर्यंत पोचतही नव्हता, पण जोर सगळ्यात जास्त लावत होती. गेट सरकलं. अध्यक्ष रस्त्यावर आले. आता सगळे त्यांच्याभोवती, आणि बोलायला मैदान मोकळं. पण मोकळ्यावर त्यांना जरा अवघडल्यासारखं झालं असावं.

"उद्या नवीन गेट लावीन," ते म्हणाले. "वेल्डिंग करून. भिंत डोक्याएवढी नेईन."

"न्या, साहेब," ताई म्हणाली. आवाज तोच, ऐकायला थांबावं लागेल असा. "भिंत उंच झाली का पोट्टे भिंतीवर हेडिंग शिकतील. गेट लावलं का आम्ही पुन्हा रोडवर. मी रोज पाच वाजता येतो. सुई टोचली तरी लोक मले दारातून हाकलत नाही, तुमच्यानं मी थोडीच जाणार? पण सगळे आले तं मी शिकवीन. निवडून-पाखडून दिले तं नाही. डाळ-तांदूळ आहेत का हे?"

अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं, जसा माणूस आपल्या माणसाकडं बघतो. "तुम्ही तरी समजवा यांना. तुम्ही समितीतले आहात."

आयुष्यात पहिल्यांदा मला डाव सुचला नाही. मी म्हणालो, "नाही समजवत."

बस, दोन शब्द. याहून छोटं वाक्य मी यापूर्वी बोललो असेन असं वाटत नाही. पुढच्या रविवारी मला समितीतून काढलं. कारण विचारलं तर सांगितलं, शिस्तभंग. बायको म्हणाली, समितीतून काढलेला पहिला माणूस, चला, कशात तरी तुमचा पहिला नंबर आला. तर्रीची मात्र आठवण येते.

त्या दिवशी आम्ही आत गेलो. दोन खांबांच्या मधून, एकेक नाही, सगळे एकदम. ताईनं दोन टीम पाडल्या. छोटीला तिनं मुद्दाम मधे उभं केलं, जिथं बॉल यायचाच. मी बाहेर अंगठा तोंडात धरून बसलो होतो.

बॉल आला. छोटीनं हात कानांवर ठेवले आणि पळाली. इकडं नाही, तिकडं नाही, थेट त्या दोन खांबांमधून बाहेर रस्त्यावर. तिथं थांबली. धापा टाकत बॉलकडं बघत राहिली. बहिणीनं हाक मारली नाही, ताईनं मारली नाही. खेळ चालू होता. मग तिनं कानांवरचे हात काढले, फ्रॉक झटकला आणि चालत परत आत येऊन आपल्या जागेवर उभी राहिली. कोणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं तिथं काही उरलंच नव्हतं.

गॅलरीतून अध्यक्ष हे सगळं बघत होते. बघू द्या.